देवगिरीचे राजे आणि जात्यावरची बाई

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



दौलताबादच्या किल्ल्यात चाँद मिनारजवळ एक भलंमोठं आवार आहे. आत दगडी खांबांच्या रांगाच रांगा. इमारतीचं नाव भारतमाता मंदिर. सहलीला आलेली मुलं चपला काढून आत जातात, हात जोडतात आणि लगेच किल्ला चढायला पळतात. खांबांकडे फारसं कुणी बघत नाही. ते खांब जुन्या हिंदू आणि जैन मंदिरांचे आहेत. 1318 मध्ये दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन मुबारक खलजी याच्या काळात ते वापरून तिथं जामा मशीद उभी राहिली. पुढे 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि त्यानंतर त्याच इमारतीत भारतमातेची मूर्ती बसली.

राज्य बदललं की इमारतीतला देव बदलतो, हे त्या आवारात उभं राहिलं की डोळ्यांनी दिसतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि मी ते लपवणारही नाही. माझा प्रश्न निराळा आहे. किल्ल्यावर हे चाललेलं असताना पायथ्याच्या गावातल्या घरात काय बदललं? तिथली बाई पहाटे जात्यावर बसून जे गात होती, ते बदललं का? बदललं असेल तर कुणी बदललं?

मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. त्यामुळे मला दोन तऱ्हेची माणसं हमखास भेटतात. एक म्हणतात, तुमचे पूर्वज तलवारीच्या धाकानं बाटले. दुसरे, आमच्यातलेच, मोठ्या अभिमानानं सांगतात की आपल्या अवलियांनी एक करामत दाखवली आणि गावच्या गावांनी कलमा पढला. दोघांची भांडणं वर्तमानपत्रात रोज असतात. पण दोघांना गोष्ट एकच हवी असते. एका दिवसात घडलेली, आणि जिच्यात सामान्य माणसाला स्वतःचं डोकं नाही अशी.

अशी गोष्ट जगात खरोखर कुठे घडलीच असेल, तर ती बरीचशी इंग्लंडमध्ये घडली. बी.ए.ला आम्हाला इंग्लंडचा इतिहास होता, त्यातला हा भाग माझ्या लक्षात राहिला तो आपल्या दख्खनमुळेच. सातव्या शतकात इंग्लंड हे एक राज्य नव्हतंच. केंट, मर्सिया, नॉर्थम्ब्रिया, वेसेक्स अशी सातेक राज्यं आणि त्यांची आपापसांत सदा लढाई. आपली बहमनी फुटल्यावर पाच शाह्या झाल्या, तसाच प्रकार. हे अँग्लो-सॅक्सन राजे वोडेन वगैरे जुन्या देवांना मानत आणि बहुतेक राजघराणी आपला वंशही वोडेनपासूनच सांगत. 597 मध्ये रोमहून पोप ग्रेगरीनं पाठवलेला ऑगस्टीन चाळीसेक साथीदारांसह केंटच्या किनाऱ्यावर उतरला. केंटचा राजा एथेलबर्ट त्याला छताखाली भेटायला तयार झाला नाही. यानं काही जादूटोणा केला तर, म्हणून भेट उघड्या माळावर झाली. खरी गंमत अशी की राजाची बायको बर्था ही आधीपासूनच ख्रिस्ती होती. नवा धर्म राजवाड्यात पोचला होता तो तिच्याबरोबर, सासरी.

राजानं बाप्तिस्मा घेतला आणि प्रजा मागोमाग गेली. पण राजा लढाईत पडला की सगळं उलटं. नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन 627 मध्ये ख्रिस्ती झाला आणि 633 मध्ये मर्सियाच्या पेंडा नावाच्या राजानं, जो जुन्या देवांचा होता, दुसऱ्या एका राजाच्या साथीनं त्याला रणात मारलं. नॉर्थम्ब्रियात लगेच जुने देव परतले. वर्षभरात ओस्वाल्ड आला, पुन्हा ख्रिस्त आला. 642 मध्ये पेंडानं ओस्वाल्डलाही मारलं. पेंडा स्वतः बदलला नाही, पण आपल्या राज्यात धर्मोपदेश करायला त्यानं कधी बंदी केली नाही. रेडवाल्ड नावाचा एक राजा तर असा धोरणी, की त्यानं एकाच देवळात दोन वेद्या मांडल्या. एक ख्रिस्ताची, एक जुन्या देवांची. कुणाला दुखवायला नको!

हे सगळं लिहून ठेवलं ते बीड नावाच्या साधूनं, 731 मध्ये, लॅटिन भाषेत. (आपल्या बीड जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही.) त्याच्या ग्रंथात पोप ग्रेगरीचं 601 सालचं एक पत्र आहे. त्याचा आशय असा, की देवळं पाडू नका, आतल्या मूर्ती तेवढ्या काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि तिथंच आपली प्रार्थना सुरू करा, म्हणजे लोक सवयीच्या जागी सवयीनं येत राहतील. दौलताबादच्या खांबांपाशी मला हे पत्र नेहमी आठवतं. मुख्य म्हणजे त्या धोरणाला यश आलं. 686 मध्ये वाईट बेटावर शेवटचा जुना-धर्मी राजा पडला आणि 90 वर्षांच्या आत त्या सगळ्या राज्यांचा अधिकृत धर्म बदलून गेला.

आता आपल्याकडे या. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला तेव्हा तो सुलतानही नव्हता, कडा इथला सुभेदार होता. रामदेवराव यादवानं खंडणी दिली. 1290 साली नेवाशात ज्ञानेश्वरी झाली, तीत ज्याचं नाव येतं तोच हा राजा. पुढे मलिक काफूरनं रामदेवरावाला दिल्लीला नेलं, अल्लाउद्दीननं त्याला ‘राय-ए-रायान’ हा किताब देऊन परत पाठवलं. त्याचा मुलगा शंकरदेव लढून मारला गेला. जावई हरपाळदेव उठला, त्याला 1318 मध्ये अत्यंत क्रूरपणे, अंगाची कातडी सोलून मारलं. जामा मशीद त्याच सुमाराची. तेव्हा तलवार नव्हती असं कुणी म्हणू नये. तलवार होती आणि ती चांगलीच चालली.

त्यानंतर खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही. 1318 ते 1948 म्हणजे 630 वर्षं. इंग्लंडचा हिशेब लावला, तर इथं सातवेळा सगळ्यांचा धर्म बदलून व्हायला हवा होता. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात मुसलमान किती? सुमारे 21 टक्के. त्यातही बाहेरून आलेल्यांचे वंशज आहेत. हे एवढं गणित समोर ठेवलं तरी पहिल्या गृहस्थांची गोष्ट डळमळते, आणि दुसऱ्यांचीही.

असं का झालं असावं? इंग्लंडमध्ये जुना धर्म राजाच्या दिवाणखान्याशी बांधलेला होता, राजा गेला की त्याला आधार उरत नसे. इथला धर्म कधीच राजाच्या भरवशावर नव्हता. पंढरीची वारी कुठल्या दरबाराच्या हुकमानं निघत नव्हती. महानुभावांचे चक्रधरस्वामी यादवांच्या मर्जीतले नव्हतेच. आणि दुसरं कारण अगदी रोकडं आहे. राज्य चालवायचं तर सारा गोळा व्हायला हवा. सारा गोळा करणार देशमुख, पाटील, कुलकर्णी. त्यांना दुखवून कुठल्या सुलतानाचं भागणार होतं? विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहानं तर महसुलाचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत आणले, असं फरिश्ता लिहितो. तख्तावर कुणीही बसो, गावची वही मोडीतच लिहिली जात होती.

वर मात्र इंग्लंडसारखाच गोंधळ चालू होता, फक्त तो मुसलमानांमधल्या दोन पंथांचा होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानं 1537 च्या सुमारास शाह ताहिरच्या सांगण्यावरून शिया पंथ स्वीकारला. विजापूरला युसुफ आदिलशहानं शिया पंथ आणला, पहिल्या इब्राहिमनं 1534 मध्ये पुन्हा सुन्नी केला, अली आदिलशहानं 1558 मध्ये पुन्हा शिया, दुसऱ्या इब्राहिमच्या राजवटीत 1580 नंतर पुन्हा सुन्नी. खुत्ब्यात कुणाची नावं घ्यायची, यावरून शहरात माणसं मेली. पैठणच्या वाटेवरल्या एखाद्या खेड्यात मात्र ही बातमी पोचेपर्यंत पंथ परत बदललेला असेल.

लढाईनं धर्म बदलला तो मुख्यतः कैद्यांचा. याचं सगळ्यांत मोठं उदाहरण खुद्द निजामशाहीचं घराणं आहे. परभणी जिल्ह्यातलं पाथरी हे त्यांचं मूळ गाव. फरिश्ता सांगतो, की तिथल्या एका ब्राह्मण कुलकर्ण्याचा मुलगा बहमनी फौजेच्या हाती सापडला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावानं बहमनी राज्याच्या वजीरपदापर्यंत चढला. त्याचा मुलगा अहमद याचं अहमदनगर. कथा इथं संपत नाही. अहमदचा मुलगा बुऱ्हाण गादीवर आला, तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. पाथरीचे ब्राह्मण नातेवाईक बुऱ्हाणकडे आले. आपलं वतन आपल्याच राज्यात असावं, असं त्यांना वाटत होतं. बुऱ्हाणनं इमादशहाला विनवलं, पाथरी द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या. तो ऐकेना. तेव्हा 1518 मध्ये बुऱ्हाणनं चढाई करून पाथरी घेतली आणि त्या ब्राह्मण भाऊबंदांच्या हवाली केली. इमादशाहीचा मूळ पुरुषही जन्मानं ब्राह्मणच होता, हे जाता जाता सांगून टाकतो. दोन मुसलमान शाह्या एका कुलकर्णी वतनापायी लढल्या! आजच्या भांडणात ही लढाई कुठल्या खात्यावर मांडायची, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

राजांचं एवढं पुरे. आता खुलदाबादला जाऊ.

1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि तिचं नाव दौलताबाद केलं. वेडा मुहम्मद म्हणून आपण त्याला हसतो, पण आपल्या भागाच्या दृष्टीनं ही घटना फार मोठी आहे. दिल्लीतले उलेमा, अंमलदार, कारागीर, सूफी, सगळ्यांना बायकामुलांसह इकडे यावं लागलं. थोडक्यात, इथली पहिली मोठी मुसलमान वस्ती धर्मांतरानं झाली नाही, सरकारी बदलीनं झाली! काही वर्षांनी परत जायची मुभा मिळाली तेव्हा बरेच जण परतले. काही राहिले.

राहिलेल्यांत शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब होते, दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचे शिष्य. गुरूच्या खानकाहात त्यांच्याकडे मुदपाकखान्याचं काम होतं, असं सांगतात. मला ही गोष्ट आवडते. रोज शेकडो माणसांना जेवू घालणाऱ्याला माणसं कळतात. त्यांना संगीताचं वेड होतं आणि समा ऐकताना ते डोलत नसत, नाचत. 1337 मध्ये ते वारले. त्यांची कबर जिथं झाली, ते गाव रौजा. औरंगजेबाच्या मरणोत्तर ‘खुल्द-मकान’ या पदवीवरून पुढे त्याला खुलदाबाद म्हणू लागले. त्यांच्या भावाचा, मुंतजबुद्दीन जरजरी जरबख्श यांचा उरूस आजही मोठा भरतो. निजामुद्दीनांचे आणखी एक शिष्य, फारसीचे नामवंत कवी अमीर हसन सिज्जी, तेही याच मातीत आहेत.

या मंडळींनी लोकांना मुसलमान केलं का? उत्तर शोधायला दोन तऱ्हेची साधनं आहेत. बुऱ्हाणुद्दीनांच्या काशानी घराण्यातल्या शिष्यांनी त्यांची बोलणी जागच्या जागी टिपून ठेवली. अशा टिपणांना मलफूजात म्हणतात. कार्ल अर्न्स्ट या अमेरिकी अभ्यासकानं त्यांवर बारकाईनं काम केलं, त्याचं पुस्तक 1992 मध्ये आलं. या टिपणांत उपास आहेत, समा आहे, शिष्यांच्या तक्रारी आहेत, स्वप्नं आहेत. गावंच्या गावं मुसलमान केल्याची गोष्ट मात्र जवळजवळ नाहीच. चमत्कार, लढाया, चौदाशे अवलियांच्या पालख्या, जादूगारांचा पराभव हे सगळं येतं ते फार पुढच्या काळात रचलेल्या कथांतून, जेव्हा दर्ग्याला कीर्ती हवी होती आणि राजांना पूर्वपुण्याई. आज एक बाजू याच उशिराच्या कथा अभिमानानं सांगते आणि दुसरी बाजू त्याच कथा पुरावा म्हणून फेकते. मूळ टिपणं उघडायला दोघांनाही सवड नाही.

हसन सिज्जींनी आपल्या गुरूंची, निजामुद्दीनांची बोलणी ‘फवाइदुल फुआद’ या ग्रंथात लिहून ठेवली. त्यात एक प्रसंग आहे. एक शिष्य आपल्या हिंदू मित्राला घेऊन आला, अशा आशेनं की गुरूंच्या नजरेनं हा मुसलमान होईल. निजामुद्दीनांचे डोळे भरून आले. ते म्हणाले त्याचा मथितार्थ असा, की कुणाच्या सांगण्यानं या लोकांचं मन पालटत नाही, सज्जनाची संगत लाभली तर कदाचित पालटेल. सातशे वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या सूफीनं दिलेली ही कबुली आहे. मला ती शंभर करामतींपेक्षा मोलाची वाटते.

राजांपुढेही ही माणसं फार वाकली नाहीत. बुऱ्हाणुद्दीनांच्या गादीवर आलेले शेख जैनुद्दीन शिराझी यांचं आणि बहमनी सुलतान पहिला मुहम्मदशहा याचं बिनसलं होतं. सुलतान दारू पितो, म्हणून शेखसाहेब त्याला मानेनात. सुलताननं शहर सोडून जायचा हुकूम केला, तेव्हा ते गुरूच्या कबरीपाशी काठी रोवून, सतरंजी अंथरून बसले आणि म्हणाले, मला इथून कोण उठवतो ते बघू. शेवटी माघार सुलतानानंच घेतली, असं फरिश्ता सांगतो.

मग लोक मुसलमान झाले कसे? हळूहळू, शेजारानं आणि धंद्यानं. दौलताबादहून खुलदाबादला जाताना वाटेत कागजीपुरा लागतं. हातकागद करणाऱ्या मुसलमान कारागिरांचं हे गाव. तुघलकाच्या राजधानीबरोबर ही कला इकडे आली असं तिथं मानतात. ‘दौलताबादी कागद’ हा शब्द जुन्या मराठी दफ्तरांत भेटतो. कारागिराजवळ पोरं काम शिकायला बसतात, तिथंच जेवतात, तिथली सणवार उचलतात. विणकर, पिंजारी, मण्यार, तांबोळी, बागवान अशा जमातींचा धर्म बदलला असेल तर तो पिढ्यान्‌पिढ्या असाच, आणि बदलूनही जुन्या कितीतरी चालीरीती शाबूत राहिल्या. खेड्यातला मुलाणी घ्या. तो गावगाड्यात बलुतेदारांच्या रांगेत बसलेला. त्याच्या हातून कापलं जाणारं बोकड मराठ्याच्या घरच्या कार्याचंही असे. खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. एवढी ओळख गावाला पुरत होती.

आणि बायका. विजापूरच्या सूफींनी ‘चक्कीनामा’ नावाची गाणी दखनीत रचली. दळताना म्हणायची. जात्याचा खुंटा, त्याचं फिरणं, पीठ पडणं, या सगळ्याला देवाच्या नामस्मरणाशी जोडणारी. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरल्या 1978 च्या पुस्तकात असं मांडलं, की साध्या माणसांच्या घरात इस्लामी कल्पना शिरल्या त्या मोठ्या ग्रंथांतून नव्हेत, बायकांच्या तोंडच्या अशा गाण्यांतून. मला यात नवल वाटलं नाही. मराठी माणसाला जात्याचं काय सांगायचं? आपली ओवीच जात्यावरची. जिच्यात ज्ञानेश्वरी झाली, ती ओवी बाई आधीपासून दळताना गात होती. सूफींना फारसी येत होती, अरबी येत होती, पण या बाईपर्यंत जायचं तर तिच्या जात्यापाशी बसावं लागेल, एवढं त्यांना कळलं. आणि त्यासाठी जी भाषा वापरली ती दखनी, जिच्यात ‘नक्को’ आहे आणि वाक्यावाक्याला आपला ‘च’ आहे.

इंग्लंडमध्येही ही अडचण आली होतीच. ओस्वाल्ड राजानं आयोनाहून बोलावलेला एडन हा साधू आयरिश बोले, लोकांना कळे इंग्रजी. तेव्हा खुद्द राजा शेजारी उभा राहून दुभाष्याचं काम करी. पुढे व्हिटबीच्या मठात कॅडमन नावाचा एक अडाणी गुराखी होता. मेजवानीत गाण्याची पाळी आपल्यावर येईल म्हणून तो उठून गोठ्यात पळायचा. एका रात्री तिथं त्याला स्वप्न पडलं आणि तो आपल्या बोलीत देवाचं गाणं म्हणू लागला. इंग्रजीचा नाव ठाऊक असलेला पहिला कवी म्हणून आज त्याचंच नाव घेतात. पंडितांची लॅटिन बाजूला राहिली आणि पहिलं नाव गुराख्याचं लागलं. कवी म्हणून मला यात थोडा आसुरी आनंद होतो.

आपल्याकडे तर ही वाट दोन्ही अंगांनी वाहती होती. पैठणच्या एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे दौलताबादचे किल्लेदार, मुसलमान राजवटीच्या चाकरीतले. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले, हे सूफी परंपरेतले, असं परंपरा सांगते. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचं स्थान आहे. त्याच चांद बोधल्यांचे शिष्य श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. अंबर हुसेन यांनी गीतेवर मराठी टीका केली. शहामुनींनी ‘सिद्धांतबोध’ लिहिला. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या पुस्तकात या साऱ्यांना एकत्र बसवलं, तेव्हा अनेकांना कळलं की हे एवढे होते. मुसलमान असून मराठीत कसे लिहिता, असं मला विचारतात त्यांना मी ढेऱ्यांचं हे पुस्तक सुचवतो. नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला, त्यात दोघे एकमेकांच्या उणिवा अगदी तोंडावर काढतात, चांगले कडाडून भांडतात आणि शेवटी गळाभेट घेतात. भांडण टाळलेलं नाही, हे मला त्यातलं विशेष वाटतं. आज आपण भांडतो ते एकमेकांच्या पाठीमागे.

एका दिवसात धर्म बदलल्याची खरी गोष्ट आपल्याकडे नाही असं नाही. ती 14 ऑक्टोबर 1956 ची, नागपूरची. लाखो माणसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तिथं राजा नव्हता, तलवार नव्हती, करामत नव्हती. येवल्याला 1935 मध्ये बाबासाहेबांनी घोषणा केली, तिथून 21 वर्षं वाचन, चर्चा, विचार चालला. मधल्या काळात, 1950 मध्ये, त्यांनी आमच्या शहरात महाविद्यालय काढलं, आजचं मिलिंद. 2011 च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यात सुमारे 8 टक्के बौद्ध आहेत. सामान्य माणसाला स्वतःचं डोकं असतं की नसतं, हे ज्यांना बघायचंय त्यांनी दूर कशाला जायचं?

आमच्या शहराचं नाव मलिक अंबरच्या वेळी, 1610 मध्ये, खडकी होतं. मग फतेहनगर झालं, 1653 पासून औरंगाबाद, आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. नावं राजे देतात, सरकारं देतात. खुलदाबादला तुम्ही गेलात तर एका बाजूला जरजरी जरबख्शचा उरूस आणि दुसऱ्या बाजूला भद्रा मारुती. श्रावणात शनिवारी पहाटेपूर्वी शहरातून मारुतीला पायी निघालेली माणसं दौलताबादचा घाट चढताना दिसतात. जवळच वेरूळ, भोसल्यांचं मूळ गाव, तिथं घृष्णेश्वर. रेडवाल्डच्या देवळात दोन वेद्या होत्या म्हणून बीड साधूला त्याचा राग आला होता. तो खुलदाबादला आला असता तर काय लिहिता, कुणास ठाऊक.

आणि हसन सिज्जींच्या कबरीची एक जुनी चाल सांगतात. मूल बोलताना अडखळत असेल, त्याला पाठ होत नसेल, तर कबरीवर साखर ठेवायची आणि मुलानं ती ओठांनी उचलून खायची. मुलगा कुणाचा, हिंदूचा की मुसलमानाचा, हे कुणी विचारत नसे. हसन फारसीचे कवी. त्यांच्या कबरीवरची साखर खाऊन ज्यांची जीभ सुटली, ती मुलं घरी जाऊन आईपाशी बोलली असतील ती मराठीत, नाहीतर दखनीत.